शूजीच्या तोंडी घातलेली वाक्ये

शके १९२६, कार्तिक वद्य प्रतिपदा, शनिवार, म्हणजेच दिनांक २७ नोव्हेंबर २००४ रोजी, दुपारी साडेतीनच्या खेळात, सांगली येथे गावभागातील वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात, मी एका जपानी चित्रपटाचा शेवट बिघडवला. तारीख, वार, वेळ आणि स्थळ मी मुद्दाम नोंदवीत आहे. कारण या प्रसंगाविषयी पुढे गावात जे सांगितले गेले, त्यात यांपैकी एकही गोष्ट बरोबर नव्हती. कोणी तो नाटकाचा प्रयोग होता म्हणतो, कोणी मी रडलो म्हणतो. मी रडलो नाही. माझा आवाज एके ठिकाणी बसला, इतकेच.

प्रकरणाला सुरुवात झाली ती बारा दिवस आधी, त्याच सभागृहात. आमच्या चित्ररसिक मंडळाने नोव्हेंबरातल्या तीन शनिवारी तीन जपानी सचेतपट, म्हणजे चित्रे काढून हलवलेले चित्रपट, दाखवायचे ठरवले होते. पहिला होऊन गेला होता. तिसऱ्याची तबकडी यंत्रात घालून आम्ही पाहत बसलो होतो, आणि मंडळाचे अध्यक्ष डॉ. आरवाडे, जे निवृत्त नेत्रतज्ज्ञ होते, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन तळाशी काही शोधत होते.

"खाली इंग्रजी अक्षरं येत नाहीत, लाटकर," ते म्हणाले. "डबीवर तर छापलंय येतात म्हणून. निमंत्रणं गेलीत. काय करू सांगा."

मी त्या वेळी एका महाविद्यालयात मराठी गद्य शिकवीत असे आणि मंडळाचे कार्यवृत्त लिहीत असे. मी म्हणालो, "कार्यक्रम रद्द करावा आणि त्याची कारणे सविस्तर छापावीत."

"तुम्ही असलंच काहीतरी सांगणार, म्हणून मी चौगुल्यांच्या वृषालीला बोलावलंय."

वृषाली चौगुले दारातच उभी होती. पुण्याला चार वर्षे राहून ती जपानी शिकली होती आणि कुपवाडच्या एका कारखान्यात जपानी अभियंत्यांची दुभाषी म्हणून काम करीत होती. वय एकोणतीस. वडील बाळगोंडा चौगुले, हळदीचे अडत व्यापारी. तिने पर्स खुर्चीवर टाकली, पाच मिनिटे उभ्यानेच चित्रपट पाहिला आणि निकाल दिला.

"मी अर्थ सांगते, हे लिहून काढतील. पडद्याशेजारी दोन माईक लावा. पोराचं बोलणं हे वाचतील, पोरीचं मी."

"आणि बाकीची पात्रे?" मी विचारले.

"आजी, पोस्टमन आणि बोटीचा कप्तान. वाटून घेऊ की. कुत्रं भुंकतंय तेवढं जपानीतच राहू दे."

डॉक्टर खूश झाले. मी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की हरकत काय घ्यायची हे मला आठवत नाही. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

चित्रपटाचे नाव, आम्ही मराठीत केले त्याप्रमाणे, 'धक्क्यावरची खिडकी'. उत्तरेकडच्या एका थंड बेटावर शूजी नावाचा तरुण हवामानाची नोंद ठेवतो. धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत नाओ नावाची मुलगी बसते. रोज सकाळी शूजी खिडकीशी जाऊन तिला वारा किती आहे ते सांगतो; त्यावरून बोट सोडायची की नाही ते ठरते. सहा वर्षे तो वारा सांगतो. दुसरे काही सांगत नाही. मग बोटीच्या फेऱ्या परवडेनाशा होतात, खिडकी बंद होते, आणि नाओ शेवटच्या बोटीने निघून जाते. शूजी बर्फात धक्क्यावर उभा राहतो. चार मिनिटे कोणी बोलत नाही. बोट दिसेनाशी होते आणि चित्रपट संपतो. बस.

दुसऱ्या दिवसापासून रोज सायंकाळी सहा ते आठ आम्ही वाचनालयाच्या संदर्भ-दालनात बसू लागलो. मी पहिल्या प्रसंगाचे भाषांतर स्वच्छ अक्षरात लिहून नेले होते. वृषालीने ते वाचले आणि पर्समधून एक लहान पिशवी काढून टेबलावर उपडी केली. चिंचोके होते. भरपूर.

"हे काय?"

"मोजायला. चित्रातली माणसं आपल्यासारखं तोंड हलवत नाहीत, लाटकर. नुसतं उघडतात, मिटतात. मी काल रात्री बसून मोजलंय. एकदा तोंड उघडलं की एक चिंचोका. एक चिंचोका, एक अक्षर. तोंड मिटल्यावर तुमचं वाक्य चालूच राहिलं तर लोक हसतील." तिने दहा चिंचोके मोजून माझ्यासमोर ओळीत लावले. "हं. शूजीचं पहिलं वाक्य. वाचा."

मी वाचले: "आज वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग अधिक असल्यामुळे नौका सुटण्याची शक्यता मला दिसत नाही."

"एक्केचाळीस अक्षरं," ती म्हणाली. "तुमच्याजवळ दहा आहेत."

"वाक्य निर्दोष आहे."

"वाक्य निर्दोषच आहे हो. पोराचं तोंड लहान आहे."

"मग तोंड अधिक वेळा उघडावयास सांगा."

"टोकियोला पत्र घालते." तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या वाक्यावर आडवी रेघ मारून वर लिहिले: आज वारा आहे. बोट नाही. "मोजा. दहा."

मी मोजले. दहाच होती. मी सांगितले की यात दिशा आली नाही. ती म्हणाली, नाओ सहा वर्षं त्याच धक्क्यावर बसते, तिला दिशा कळते. मी म्हणालो, प्रेक्षकांना कळत नाही. ती म्हणाली, प्रेक्षकांना कुठं बोटीत बसायचंय.

असे अकरा दिवस चालले. जुन्या निबंधकारांच्या गद्यावर वाढलेल्या माणसाला एकेका अक्षरासाठी भांडायला लागणे ही शिक्षा आहे, असे मी दोन दिवस मानले. तिसऱ्या दिवशी मला त्यात गोडी वाटू लागली. मी अक्षरांची मागणी करी, ती नाकारी. मी आधार देई, ती चिंचोके दाखवी. कधी तिला दया येई. "आजीच्या वाक्यातले तीन उरलेत, घेताय का?" असे विचारून ती तीन चिंचोके माझ्याकडे सरकवी, आणि मी त्या तीन अक्षरांत एखादे विशेषण बसवून दिवसभर खूश राही. वाचताना शूजी आणि नाओ एकमेकांना 'तू' म्हणत, कागद खाली ठेवला की आम्ही पुन्हा 'तुम्ही'वर येत असू. हा बदल करताना मला रोज थोडे जड जाऊ लागले.

सातव्या दिवशी ती वही चाळत सहज म्हणाली, "हे पान मला घरी न्यायला द्या. पाच तारखेच्या तयारीमुळे मला दिवसा वेळ नाही."

"पाच तारखेला काय आहे?"

"जायचं ना मला. नागोयाला. कंपनी पाठवतेय, तीन वर्षांसाठी. तुम्हाला माहीत नाही? सगळ्या सांगलीला माहिताय."

"सांगलीला माहीत असलेले मला सहसा माहीत नसते."

"ते दिसतंच," ती म्हणाली आणि पुढच्या वाक्यावर गेली. त्या वाक्यातून तिने क्रियापद सोडून सगळे काढून टाकले. मी हरकत घेतली नाही. ती वर पाहून म्हणाली, "बरं नाही वाटत का तुम्हाला?"

घरी जाताना मी आयर्विन पुलावर बराच वेळ थांबलो. मी छत्तीस वर्षांचा होतो. मुलगी पाहण्याचे चार कार्यक्रम माझ्या नावावर जमा होते आणि चारही मोडले होते. त्यांतला एक तर मुलीच्या मामांशी एका लढाईच्या तारखेवरून झालेल्या वादात मोडला होता, आणि तारीख माझीच बरोबर होती. माणूस किती बरोबर असला म्हणजे एकटा राहतो याचा मी तोवर विचार केला नव्हता. आता मला एक साधी गोष्ट हवी होती. वृषाली चौगुले पाच तारखेला जाण्याआधी तिला कळायला हवे होते की माझा तिच्यावर जीव जडला आहे, आणि ती काय म्हणते ते मला कळायला हवे होते. हाताशी तेरा दिवस होते. पुढचे चार दिवस मी वारा, बोट आणि बर्फ यांविषयी बोललो.

अकराव्या दिवशी आम्ही शेवटच्या प्रसंगाशी आलो. दुसरा चित्रपटही मध्यंतरी दाखवून झाला होता, त्यामुळे माझ्याजवळ आता पुरेसा पुरावा होता.

"माझा एक मूलभूत आक्षेप आहे," मी म्हणालो.

"आला," ती म्हणाली. "मी सकाळपासून वाट बघतेय."

"तीन चित्रपटांत मिळून चार ताटातुटी आहेत. चारही जोडप्यांचे एकमेकांवर प्रेम आहे. शाप नाही, युद्ध नाही, आडवा येणारा बाप नाही. तरी ते वेगळे होतात. आमच्या जुन्या कथांत विरहाला कारण असे. इथे कारणावाचून विरह आहे. हा रचनेतला दोष आहे."

"माणसं अशीच लांब जातात की, लाटकर. बदली होते. बोट बंद होते. आधी रोज बोलतात, मग रविवारी, मग सणासुदीला. भांडण झालं असतं तर बरं. कुणी विचारलं तर सांगता तरी आलं असतं."

"ते मान्य केले तरी हा शेवट मान्य करता येत नाही. मनुष्याला वाणी आहे. चार मिनिटे हाताशी आहेत. मुलगी वीस पावलांवर उभी आहे. मग हा गृहस्थ बोलत का नाही? त्याच्यासाठी मी एक उतारा लिहू शकतो. एकोणीस ओळींत सगळे येईल."

तिने मूठ पुढे केली आणि उघडली. तळहात रिकामा होता.

"तोंड किती वेळा उघडतो तो? शून्य. शून्य चिंचोके, लाटकर. एक अक्षरसुद्धा मिळणार नाही."

"म्हणजे तुमच्या मते त्याने गप्प राहावे?"

"सिनेमात राहावं."

शब्दांकडे लक्ष देणे हा माझा व्यवसाय आहे. तरीही ती 'सिनेमात' म्हणाली याकडे त्या वेळी माझे लक्ष गेले नाही. मी त्यावर दहा मिनिटे सामान्य सिद्धान्त मांडला. तिने तेवढ्यात वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'चार मिनिटे दहा सेकंद. कोणीही बोलणार नाही.' मग माझ्याकडे पाहिले आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'कोणीही म्हणजे लाटकरसुद्धा.'

घरी गेल्यावर मी तो उतारा लिहिलाच. लिहिला, वाचला, दोन ठिकाणी सुधारला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. का ठेवला, असे कोणी त्या वेळी विचारले असते तर मी भाषांतराच्या पूर्णतेविषयी काहीतरी सांगितले असते.

शनिवारी सभागृह भरले. आमच्या मंडळाचे खेळ साडेतीनला सुरू होत आणि पाचाच्या सुमारास संपत, कारण डॉक्टरांसह निम्मे सभासद जैन होते आणि दिवस मावळण्याच्या आत त्यांना घरी जेवायला पोहोचायचे असे. तिसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेला, बाळगोंडाअण्णा चौगुले बसले होते: पांढरी टोपी, धोतर, मनगटावर जुने घड्याळ. बाजारात त्यांची ख्याती कमी बोलणारा माणूस अशी होती. पहिल्या रांगेत कारखान्यातले जपानी अभियंते श्री. हिरानो होते. डॉक्टरांनी सुरुवातीलाच त्यांचा सत्कार केला होता, आणि ते शाल पांघरून, नारळ दोन्ही हातांत धरून, तो कोणाला परत द्यायचा असतो याचा अंदाज घेत होते.

पडद्याच्या डाव्या अंगाला, लहान पडद्याआड, दोन खुर्च्या, दोन माईक आणि एक टेबलदिवा. वृषालीने मोरपंखी साडी नेसली होती. "घाबरू नका," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी घाबरत नाही." ती म्हणाली, "मी स्वतःला सांगितलं."

चित्रपट उत्तम चालला. पहिल्याच 'आज वारा आहे, बोट नाही'ला शूजीचे तोंड माझ्या दहा अक्षरांवर नेमके मिटले आणि मला असे समाधान झाले की ते मी कोणालाही सांगितले नाही. आजीच्या वाक्यांना लोक हसले. नाओच्या खिडकीला फळी ठोकली जाते तेथे कोणीतरी नाक शिंकरले. मग शेवटचा धक्का आला, बर्फ आले, आणि वृषालीने वही मिटून मांडीवर ठेवली.

पडद्यावर शूजी उभा होता. बोटीच्या कठड्याशी नाओ, पाठमोरी. एक मिनिट गेले असेल. माझ्या शेजारी वृषाली दिव्याच्या उजेडात पडद्याकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. हा प्रसंग तिने तोवर चाळीस वेळा पाहिला होता. आठ दिवसांनी ती स्वतः अशीच पाठमोरी होणार होती, आणि मी धक्क्यावर उभा राहून तिला वाऱ्याचा वेग सांगणार होतो.

मी खिशातून कागद काढला आणि माईक जवळ ओढला.

"नाओ," मी म्हणालो.

वृषालीची मान झटकन वळली. लोकांना वाटले, संवाद आहे.

"ज्या अर्थी तुझे प्रस्थान आता अटळ झाले आहे," मी वाचू लागलो, "त्या अर्थी..."

त्या अर्थी काय, ते पुढे लिहिले होते. चांगले लिहिले होते. पण ते माझ्याच्याने वाचवेना. मी कागद खाली ठेवला.

"तू जा," मी म्हणालो. "जाऊ नको, असं मी म्हणत नाही. एवढं जपानी शिकलीस ते काय इथं बसून राहायला?"

मागच्या रांगेतून "आं?" असा आवाज आला. जपानातल्या मुलीने जपानी शिकण्यात विशेष काय, हे त्या गृहस्थांना कळले नव्हते. मला थांबता येत नव्हते.

"पण जाण्यापूर्वी तुला हे माहीत असू दे. मी रोज येत होतो तो काही वाऱ्यासाठी येत नव्हतो. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे. तू परत येईपर्यंत मी इथंच आहे. आणि परत आली नाहीस तरी..." आवाज बसला तो येथे. "एवढंच."

पडद्यावर शूजी तोंड घट्ट मिटून उभा होता. एकही चिंचोका नाही. बर्फ पडत होते. मी शेजारी पाहण्याचे धैर्य केले नाही. मग दुसऱ्या माईकचा खरखराट झाला.

"आत्ता सांगतोस हे?" नाओचा आवाज आला. "बॅग भरून झाल्यावर?"

सभागृहात हशा पिकला.

"मला उशिरा समजलं," मी म्हणालो.

"तुला सगळंच सविस्तर समजतं, पण उशिरा. मी काही आता उतरणार नाही."

"उतरू नकोस."

"पत्र लिहिशील?"

"लिहीन."

"वीस पानांचं लिहू नकोस. मी एका पानाचं उत्तर देईन."

"चालेल."

"मग बघू," नाओ म्हणाली. बोटीने भोंगा दिला, धूर बर्फात मिसळला, आणि पडदा काळा झाला. टाळ्या झाल्या. आमच्या मंडळात टाळ्या क्वचितच होतात.

दिवे लागले. वृषालीने वही उचलली, माझ्याकडे न पाहता पदर खांद्यावर नीट केला आणि हिरानोंच्या बोलण्याचे भाषांतर करण्यासाठी पुढे गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. ती नाओ बोलली होती की वृषाली? मी बोललोच आहे असे पाहून तिने फक्त खेळ सावरला असेल. ती हुशार होती आणि तिला सावरता येत होते. दुसऱ्या बाजूने, वीस पानांचा उल्लेख शूजीला लागू पडत नव्हता. तिसऱ्या बाजूने, तो कोणाही बोलक्या माणसाला लागू पडला असता. जन्मभर वाद घातलेल्या माणसाला दोन्ही पक्षांची बाजू सारख्याच जोराने दिसू लागली, तर त्याची जी स्थिती होते ती माझी झाली होती.

मंडळाचा नियम असा होता की खेळानंतर पंधरा मिनिटे चर्चा व्हावी आणि पाहुण्यांनी प्रथम बोलावे. श्री. हिरानो उठले, लवून नमस्कार केला आणि सावकाश, चांगली आठ-दहा वाक्ये बोलले. ते बोलत असता वृषालीचे कान लाल होत गेले.

"हिरानो-सान म्हणतात," तिने सांगितले, "आपल्या आदरातिथ्याबद्दल ते आभारी आहेत."

डॉक्टर म्हणाले, "एवढंच? बोलले तर पुष्कळ."

"हो." दुभाष्याने वाक्य गाळू नये, हा तिच्या धंद्याचा नियम होता. "ते म्हणतात, हा चित्रपट त्यांनी सात वेळा पाहिलाय. बायकोबरोबर चार वेळा. शेवटची चार मिनिटं त्यात कोणी बोलत नाही. मराठीत तिथं एवढं काय बोलले आणि लोक का हसले, ते त्यांना समजून घ्यायचंय."

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग कुजबुज सुरू झाली. एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. "कोणी बोलतच नाही? मग आम्ही ऐकलं ते काय होतं?"

"लाटकर," डॉक्टर म्हणाले, "पुढे या. खुलासा करा."

'खुलासा करा' हे शब्द ऐकले की एरवी मला स्फुरण चढते. मी पुढे गेलो. सव्वाशे माणसे माझ्याकडे पाहत होती. त्यांत तिसऱ्या रांगेतली पांढरी टोपी मला सर्वांत स्पष्ट दिसत होती.

"ते संवाद चित्रपटातले नव्हते," मी म्हणालो. "मी पदरचे घातले."

"पण का?"

"मला ते बोलायचे होते."

"म्हणजे शूजीच्या वतीने?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते निवृत्त झाले असले तरी त्यांना दिसत होते. ते वृषालीकडे वळले आणि अगदी हळू, जणू डोळ्यांत थेंब घालताना बोलावे तसे म्हणाले, "आणि तुझी उत्तरं, बाळ? ती तरी मुळातली आहेत ना?"

"मुळात नाओला तिथं तोंडच नाही, काका. पाठमोरी काढलीय तिला."

"मग?"

वृषालीने माझ्याकडे पाहिले. खेळ संपल्यापासून प्रथमच. "तीही पदरचीच," ती म्हणाली. माईक चालू होता.

कोण आधी हसले सांगता येत नाही. मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली आणि मग, आपण नेमके कशाला टाळी दिली हे लक्षात येऊन, खाली बसले. हिरानोंनी तिला काही विचारले. तिने दोनच वाक्यांत सांगितले. ते माझ्याकडे वळून इतके खाली लवले की शाल घसरली.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वृषाली ठरल्याप्रमाणे पाच डिसेंबरला गेलीच, आणि तीन वर्षे सांगली आणि नागोया यांच्यामध्ये जेवढे अंतर असते तेवढे होते. ते अंतर काय असते, हे मला त्या काळात कळले. पुढे तो चित्रपट मी एकट्याने, एकही शब्द न घालता पाहिला, आणि रचनेत दोष आहे हे माझे मत मी लेखी मागे घेतले. ती चार मिनिटे तशीच हवीत. ज्यांना कोणी काही सांगितले नाही आणि ज्यांनी कोणाला काही सांगितले नाही, अशा माणसांसाठी ती केलेली आहेत, आणि अशी माणसे पुष्कळ असतात. मी त्यांतला एक होतो, त्या दुपारी पावणेपाचपर्यंत.

पण त्या क्षणी सभागृहात कोणी चित्रपटाचा विचार करीत नव्हते. सांगलीत कोण कोणाचे वडील आहेत ते सर्वांना माहीत असते. एकेक करून सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

"अण्णा," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचंय?"

बाळगोंडाअण्णा उठले. त्यांनी खिडकीतून बाहेरच्या उन्हाचा अंदाज घेतला, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. घाई केली नाही.

"कॉलेजात शिकवता ते तुम्हीच का?"

"हो."

"ही तीन वर्षं तिकडं असणार."

"मला माहीत आहे."

"आम्ही जैन. तुमच्या घरी कोण?"

"आई आहे."

"ती काय म्हणेल?"

"ती म्हणेल, एकदाचा वाद मिटला."

"अण्णा," वृषाली मध्येच म्हणाली, "मला विचारायचं का नाही कुणी?"

"तू माईकवर सांगितलंस की सगळ्या गावाला," अण्णा म्हणाले. "अजून काय विचारू?" त्यांनी टोपी सारखी केली, धोतराचा सोगा हातात घेतला आणि दोन पावले वाटेत आले.

"सिनेमा बिघडवलात तुम्ही दोघांनी," ते म्हणाले. "बाकीचं बरं झालं."